तीनदा पुढे ढकललं की…

प्रिय चिंगे,

अक्षर मोठं आहे आणि ओळी उतरत्या आहेत, त्यावरून मला चिडवू नकोस. डावीकडचा समास मला आता दिसत नाही, अंदाजाने धरते. मुख्य बातमी आधीच सांगून टाकते, म्हणजे तू घाईघाईने शेवटचं पान उलटायला नकोस. पुढच्या सोमवारी मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल होतेय. तारीख मी स्वतः जाऊन घेतली. बाबांना न विचारता, धाकट्याला न विचारता आणि तुला तर मुळीच न विचारता. आता ती बदलणार नाही. तुझ्या रडण्याने नाही, बाबांच्या रुसण्याने नाही आणि माझ्या स्वतःच्या घाबरण्याने तर नाहीच. घाबरलेय मी, ते लपवत नाही.

काचबिंदू म्हणजे काय, हे आपल्या घरात अजून कुणाला नीट कळलेलं नाही. बाबा त्याला मोतीबिंदूच म्हणतात आणि त्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी तो चहाच्या सुट्टीत काढून घेतल्यासारखं सांगत बसतात. मोतीबिंदूत नजर परत येते, बाई. यात गेलेली येत नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, कडेकडेचं गेलं ते गेलं, मधलं उरलंय ते वाचवू, पण आता नुसत्या थेंबांनी भागायचं नाही. दुकानात डावीकडे ठेवलेली कात्री हाताला लागेपर्यंत मला सापडत नाही. परवा एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय आखूड झाला. माणूस भला होता, म्हणाला, असू दे मावशी, फॅशन आहे. मीही हसले, आणि तो गेल्यावर शटर अर्धं ओढून रडले.

तुझ्या बाळंतपणाआधी मी तुझ्याकडे राहिले होते, तेव्हाचं आठवतंय? तू जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायचीस आणि मी समोर झबली शिवायचे. तुमचे ते क्लाउडमधले सर्व्हर. मी विचारलं होतं, ढगात म्हणजे नक्की कुठे गं? तर तू म्हणालीस, ढगात कसले, दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेली मशिनं आहेत. मग लोकांना एवढं आभाळ कशाला दाखवता, देव जाणे. पण बसची तिकिटं विकणारी ती मशिनंही अधूनमधून थांबवावी लागतात, त्यांची डागडुजी करावी लागते, पुन्हा चालू करावी लागतात, हे मला तेव्हा कळलं. आणि ते कुणी हाताने करत बसत नाही. कुठलं मशिन कधी थांबवायचं ते तू कोडमध्ये लिहून ठेवतेस आणि वेळ झाली की आपोआप होतं. खरं सांगू? मला हेवा वाटला. प्रत्येकाची पाळी ठरलेली, आणि त्या वेळात त्याला कुणी हाक मारायची नाही.

मग सुट्ट्यांच्या गर्दीत, भर दुपारी, तुमचं सगळ्यांत कामाचं मशिन आडवं झालं. तू आधी जगावर चिडलीस आणि मग कपाळाला हात लावून बसलीस, कारण घोळ तुझ्याच एका ओळीत निघाला. मशिन कामात असेल तर आत्ता राहू दे, पुढच्या पाळीला करू, असं तूच लिहिलं होतंस. त्यामुळे रिकामटेकडी मशिनं वेळच्या वेळी तेलपाणी होऊन टुणटुणीत, आणि जे सगळ्यांत जास्त राबत होतं त्याला कधी सवडच मिळाली नाही, म्हणून त्याच्याकडे कधी कुणी पाहिलंच नाही. कसला गाढवपणा बघ ना आई, म्हणून तू हसत सुटलीस. मी झबल्यात मान घातली, कारण त्या मशिनला मी चांगली ओळखत होते.

तू लगेच नवी ओळ घातलीस. तीनदा पुढे ढकललं की चौथ्यांदा विचारायचं नाही. त्याचं काम बाकीच्यांवर टाकायचं आणि त्याला थांबवायचं. बाकीच्यांना झेपेल का, असं मी विचारलं तर म्हणालीस, कुरकुरतील, हळू चालतील, पण चालतील. झेपणार नाही असं आपल्याला वाटतं, कारण आपण कधी टाकूनच पाहत नाही. हे सगळं तू पडद्याकडे पाहत बोललीस. मी मात्र मनाशी खूणगाठ बांधली.

माझं ऑपरेशन पहिल्यांदा पुढे गेलं ते धाकट्याच्या परीक्षेपायी. त्यात त्याने काय दिवे लावले ते तुला माहीत आहे. दुसऱ्यांदा बाबांची कंबर धरली. तीच कंबर टीव्हीपुढे दिवसभर बिनतक्रार बसायची, पण ते असो. तिसऱ्यांदा तुझं बाळंतपण. त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा येईन. पण तीन झाले, चिंगे. नियम तुझा आहे, मी फक्त पाळतेय.

तेव्हा मी कामं वाटून टाकली आहेत. बाबा गॅस पेटवायला शिकले. काल त्यांनी अंडी उकडायला ठेवली आणि पेपर वाचत बसले. पाणी आटलं, भांडं काळं ठिक्कर पडलं, पण माणूस उपाशी राहिला नाही. मला दवाखान्यात धाकटा नेणार आहे. त्याला विचारलं नाही, सांगितलं. दुकानाच्या शटरवर मी पाटी लावलीय, 'शिवणाऱ्या बाईची दुरुस्ती चालू आहे.' कुणीतरी खाली पेनाने लिहून गेलंय, सावकाश होऊ द्या.

राहिलीस तू. तुझी रजा संपतेय आणि छोटीला कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न खरा आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण ऑपरेशननंतर महिनाभर मला वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि तुझी लेक काही कापसाची नाही. तिला पाळणाघर आहे. आणि बापही आहे. जावईबापूंना रजा मिळणार नाही म्हणतेस, पण त्यांनी ती मागितली का, हे काही तू बोलली नाहीस. मला ते आवडतात, फार गोड बोलतात. पण गोड बोलून लंगोट बदलले जात नाहीत, एवढं त्यांना माझ्या वतीने सांग.

आता एवढं सगळं फोनवर का नाही सांगितलं, ते ऐक. गेल्या गुरुवारी तुझा फोन आला. आई, शेवटचं एकदाच पुढे ढकल ना गं, असं तू म्हणालीस आणि मागे छोटी रडत होती. मी म्हणाले, बघते. आपल्या घरात माझं 'बघते' म्हणजे 'हो', हे तुलाही ठाऊक आणि मलाही. थँक्यू आई म्हणून तू फोन ठेवलास. तुझा आवाज कानावर पडला की मला नाही म्हणता येत नाही, या जन्मात ते जमायचंही नाही. म्हणून कागद घेतला. तेव्हा सोमवार उलटेपर्यंत फोन करू नकोस, केलास तर मी उचलणार नाही. रागावलीस तर खुशाल रागाव, ते मी सोसेन. छोटी आता बसायला लागलीय, मग रांगेल, मग धावेल, आणि पोरं धावतात ती नेमकी बाजूने निसटतात. महिनाभर मी तिला उचलून घेणार नाही. पण ती कुठल्या बाजूने पळाली, ते मान वळवून का होईना, मला दिसलं पाहिजे.

तुझीच, पण या वेळी तुझं न ऐकणारी,
आई