मानेवरचा फिकट पट्टा

७ डिसें., शनि.
संध्याकाळी आसेगावच्या माळावर. भोवत्या आलेत, हिवाळ्यात येणारे शिकारी पक्षी. एक मादी गवतावरून खाली-खाली उडत समोरून गेली. कमरेवरचा पांढरा चट्टा दिसला. वहीत लिहिलं, 'पांढुरका भोवत्या, मादी'.
खरं तर मान दिसलीच नाही. पांढुरक्याची मादी न् माँटेग्यू भोवत्याची मादी, दोघींत फरक काय तो मानेपाशीच. पहिलीला फिकट गळपट्टा, दुसरीला नाही. तरी लिहिलं.

९ डिसें., सोम.
शेलूबाजारला जाताना गाडीवर मागं बसलेल्या बायकोला, विमलला म्हटलं, तारेवर बघ, कापशी घार.
"पिशवी अटकली हाय थे."
घरी आल्यावर तिनं विचारलं, "कवापासून दिसत नाही तुमाले?"
दिवाळीपासून. उजवा डोळा, मोतीबिंदू. वाशीमच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. मीच मार्चवर ढकललं, पक्षी गेल्यावर करू म्हणून.
"अन् गाडी चालवून राह्यले!"
किल्ली तिच्याकडे.

१४ डिसें., शनि.
उद्या पक्षीगणना. वनरक्षक मॅडमचा फोन. "सर, भोवत्यांचं तुमी सांगान तेच लिहू."
डोळ्याचं सांगायचं होतं. 'बरं' म्हणून फोन ठेवला.

१५ डिसें., रवि.
ऑटोनं गेलो. विमल सोबत. पक्ष्यांत तिला कधी रस नव्हता, आज दुर्बीण तिच्या हातात. मादी आली तसं मी विचारलं, "पट्टा आहे ना मानेला?"
"तुमाले पायजे थे सांगू, का दिसते थे सांगू?"
तिनं दुर्बीण मादीमागं फिरवली.
"तोंड घुबडावानी. डोयाच्या मागं काळं. पट्टा हाय वाटते, पण अर्धाच. पुढं रंगात मिसळून गेला."
मॅडम पेन धरून उभ्या. म्हटलं, "भोवत्या, मादी. जात ठरली नाही."
मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. हे वाक्य माझ्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नसेल.

१८ डिसें., बुध.
जुन्या वह्या काढल्या. नऊ हिवाळे. माद्या झाडून सगळ्या 'पांढुरका'. 'ठरली नाही' एकदाही नाही. तेव्हा तर डोळे चांगले होते. किती माना खरंच बघितल्या, अन् किती नुसत्या…
शाळेत पोरांना सांगायचो, येत नसेल तर जागा कोरी सोडा, ठोकून देऊ नका.

२० डिसें., शुक्र.
मॅडमला सगळं सांगितलं. डोळ्याचं, वह्यांचं.
"सर, त्या नोंदी त कवाच्याच वर गेल्या. आता?"
म्हटलं, माद्यांपुढं प्रश्नचिन्ह टाका म्हणून कळवा. "पाहते," म्हणाल्या. आवाज पडला होता.
विमल मेथी निवडत होती. तिला विचारलं, चूक केली का मी?
"कोनती? आता केली थे, का तवा केली थे?"

२२ डिसें., रवि.
मॅडमचं काही कळलं नाही. ऑपरेशनची तारीख घेतली, जानेवारीतली. पक्षी असतानाच.
माळावर दोघंच. सूर्य टेकताना एक मादी विमलच्या अगदी जवळून गेली.
"पट्टा हाय! पुरा, गळ्याभोवती!"
मी वही उघडली, पेन टेकवलं न् थांबलो. "मी कुठं पाहिली?"
तिनं पेन घेतलं. वहीतल्या 'पाहणारा' या रकान्यात 'रा'चा 'री' केला, पुढं स्वतःचं नाव लिहिलं. जातीच्या रकान्यापाशी मात्र हात अडखळला. पाखरू तोवर गवतात उतरलं होतं.
"परत उठते का पाहू द्या," म्हणाली, न् दुर्बीण लावून बसली.