सासूबाईंच्या पाठीखालचा गालिचा

१७ जानेवारी

कावळा शिवला नाही! अंकुश नदीवरून आला तो तोंड पाडूनच. आज त्याच्या आईचा दहावा. दोन तास हात जोडले म्हणे. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

शेजारच्या शकुबाई लगेच हजर. "जीव जाताना भुईवर घेतलं होतं ना वं बाई?"

"हो," म्हणाले. खोटं बोलले.

१८ जानेवारी

लिहूनच टाकते. डॉक्टरांनी आज-उद्या सांगितलंच होतं. त्या दिवशी सकाळी सासूबाईंचा श्वास बदलला. अंकुश डेपोत ड्युटीवर. खाटेवर जीव जाऊ द्यायचा नाही, उघड्या भुईवर घ्यायचं — मला काय कळत नाही? घेतलंच होतं खाली. पण फरशी बर्फ झालेली! त्यांनी माझी बाही धरली. "गार लागते वं जया."

मी पेटीतून त्यांचा गालिचा काढला आणि पाठीखाली सरकवला. जाड लोकर, एकेक गाठ हाताने मारलेली, लालभडक जमिनीवर मोठाल्या कोयऱ्या. सासूबाई लष्कराच्या कॅम्पात भाजी द्यायच्या, तिथल्या मेमसाबने बदलीच्या वेळी दिलेला. "इराणी नक्षी आहे, गोपिका," म्हणाली होती त्यांना. अकरा वर्षं कुणाला पाय ठेवू दिला नाही त्यावर!

पाच-दहा मिनिटांत त्या गेल्या. मी घाबरले. लोक काय म्हणतील! कुणाला हाक मारायच्या आधी गालिचा खालून ओढून काढला. त्यांचं डोकं फरशीवर आपटलं. टक्.

गालिचा परत पेटीत कोंबला, पण तो आवाज काही केल्या जात नाही.

२१ जानेवारी

काल तेरवी झाली. आज नणंद अल्लीपूरला परत निघाली. रूपालीला सातवा महिना, पहिलटकरीण. निघताना म्हणते, "वहिनी, आईचा तो गालिचा मले द्याल? बाळाले टाकीन त्याच्यावर."

मी काही बोलायच्या आत अंकुश म्हणाला, "नेजो ना! तुलेच पाहिजे तो." स्वतः गाडीत ठेवला. मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत आणि मी ते पोटुशीच्या घरी जाऊ दिलं. नालायक बाई आहे मी!

२६ जानेवारी

त्या जागेवर झाडू फिरवत नाही. वळसा घालून जाते. अंकुशने विचारलं, "काय करून राह्यली?" म्हटलं, ओलं आहे तिथे. मग खरंच वाकून हात लावून पाहिला.

३० जानेवारी

टक्. भरदुपारी. घरात मी एकटी.

३ फेब्रुवारी

रूपालीचे पाय सुजलेत म्हणे. बीपी वाढलंय. माझ्यामुळेच! तिच्या पोराला काही झालं तर मी कुठे तोंड लपवू?

४ फेब्रुवारी

रूपालीला फोन केला. सगळं सांगितलं — गालिचा, ओढणं, डोकं, खोटं. कावळा का शिवला नाही तेही. आई त्यात अडकल्या आहेत, म्हटलं, आजच्या आज नदीत सोड. रडायलाच लागले.

पलीकडून फोन कट.

५ फेब्रुवारी

सकाळी तिचाच फोन. "मले माहीत होतं वहिनी. पेटी उघडली तेव्हाच पाह्यलं, आईचे दोन पांढरे केस होते गाठीत. म्हणून तर मागितला. नदीत काऊन सोडू? पहिलं बाळंतपण आहे माह्यं. ते होऊ द्या, मंग सोडीन तिले."