शरभाचा पंजा

६ फेब्रुवारी ७३, नळदुर्ग
चौथा भाग छापून आला. माझ्या चित्रकथेतलं जग आटून गेलंय, एकच विहीर उरलीय, आणि तिच्यावर शरभ बसलाय. सिंहाचं अंग, पंख, चारही पंजांखाली हत्ती. पाचव्या भागात माणसं त्याला मारतात, पाणी मोकळं होतं. मालिका संपते. चित्रं तयार आहेत. छपाई बरी, हत्तींचे डोळे मात्र शाईनं भरले.

९ फेब्रु.
छापखान्याचे अप्पा घरी आले. चहा नको म्हणाले. एरवी दोन कप घेतात.
"बाई, शरभ म्हंजे आमचा शिव हाय. त्याला मारणार तुमी?"
म्हटलं, किल्ल्यावरचं शिल्प पाहून काढला. निव्वळ प्राणी म्हणून.
"मला ठावं हाय. पेठेतल्या आमच्या चौघा जाणत्यांना न्हाय. ते म्हणत्यात, बाईंनी मुद्दाम केलं."
पुढचं मीच ओळखलं. आम्ही छप्पन साली दीक्षा घेऊन देव सोडले, हे गावाला पाठ आहे.

११ फेब्रु., रवि.
हे तुळजापूरहून आले. सगळं ऐकून म्हणाले, "घुबड कर त्याचं. घुबडाला कुणी वाली नाही." हसू आलं, मग राग. बदललं तर मुद्दाम केलं होतं असंच ठरतं. नाही बदललं तर अप्पा अडकतात. लग्नपत्रिका त्या चौघांच्याच घरच्या छापायच्या असतात. मधली वाट दिसत नाही.

१२ फेब्रु.
खरंच मुद्दाम नव्हतं? शिव शरभ होऊन नरसिंहाला आवरतो, ही कथा कॉलेजात कुठंतरी वाचली होती. चित्र काढताना ती डोक्यात होती की नव्हती, सांगता येत नाही. हात मात्र खुशीत होता. कशाची खुशी?

१५ फेब्रु.
शाळा सुटल्यावर अप्पांबरोबर किल्ल्यावर. खाली टँकरसाठी घागरींची रांग. शिल्पापुढं उभं राहून अप्पा म्हणाले, "येन री, काय हो बाई, नीट बघा. दाबलंय कुठं? धरलंय. मांजर पिल्लू धरतंय तसं."
"मांजर तोंडानं धरतं, अप्पा."
"मग ह्यानं पंजानं धरलंय. दुष्काळात हत्ती उचलून कुठंतरी पाण्याला चाललंय."
खूप वेळ पाहिलं. हत्तींची तोंडं झिजलीत. दाबलेत की उचललेत, कळत नाही.
मग, मुद्दाम तर केलं नसेल ना, ही सोमवारची शंका त्यांना सांगून टाकली. न सांगता त्यांचा आधार घेणं बरं वाटेना. ते पायऱ्यांकडं वळले. उतरताना म्हणाले, "हे मला कशाला सांगितलं? आता कुणी विचारलं तर काय सांगू?"
त्यांची झोप घालवून मी हलकी झाले. हा कसला खरेपणा?

१८ फेब्रु.
शेवट नव्यानं काढला. शरभ हत्तींना घेऊन उडतो, विहीर उघडी पडते. माझ्या आधीच्या शेवटापेक्षा चांगला आहे. वाईट असता तर सोपं होतं. भिऊन बदलला म्हटलं असतं आणि फाडला असता.

२० फेब्रु.
अप्पा आले. शिवरात्र तोंडावर आलीय, चौघं रोज विचारतात. आज चहा घेतला, दोन कप.
"मारा न्हायतर उडवा. द्याल ते म्या छापतो. फक्त मला विचारू नका."
म्हणजे आता कुणाचा धाक आहे, हेही म्हणायची सोय राहिली नाही.
ते गेल्यावर दोन्ही शेवट शेजारी मांडले. शरभाचे पंख वेगळे, मान वेगळी. पंजांतले हत्ती दोन्हीकडं सारखेच दिसतात.