उजव्या हाताला, खाली

सिंदी (रेल्वे),
ता. २२ डिसेंबर १९५७

चि. श्रावण यास,
तुझ्या बाईचा जय भीम व पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही. मागच्या रविवारी सरावात चेंडू तुझ्या भाऊजींच्या उजव्या हातावर बसला. मागच्या वर्षी मोडली होती तीच दोन बोटं. सेलूच्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून बांधून दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता आणखी एक मार बसला तर ही मूठ पुन्हा मिटायची नाही. कापसाच्या जिनात फिटर असलेला माणूस. पान्हाच धरता आला नाही तर त्याने करायचं काय? आताच भाकर डाव्या हाताने मोडतात आणि मी पाहते आहे असं दिसलं की उजवा हात मांडीखाली घेतात.

बरं, सांगावं तर ऐकत नाहीत. तुला तो जुना किस्सा माहीत आहे. सात वर्षांपूर्वी गावात फुटबॉलची टीम निघाली, तेव्हा चामड्याचा चेंडू हातात धरायचा म्हणून वरच्या आळीतला कोणी गोलात उभा राहीना. लाथ मारायला चामडं चालत होतं, हाताला चालत नव्हतं. मग कप्तान वासुदेवरावांनी यांना उभं केलं. म्हणाले, हे तुमच्या लोकांच्या हातचं काम. यांनीही सगळ्यांदेखत सांगितलं, की सव्वीस जानेवारीच्या सामन्यात ज्या दिवशी गोल खाईन त्या दिवशी तुमच्यातला कोणी उभा करा, तोवर मी हलत नाही. तेव्हापासून सात सामने झाले. एक गोल खाल्ला नाही.

आपण गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव काढले. एवढं सगळं सुटलं, पण या माणसाचे ते दोन खांब सुटत नाहीत. मी थकले रे बाबा. दर सव्वीस जानेवारीला गाव मैदानात आणि मी घरात कानात बोळे घालून.

यंदा तुमच्या मिलची टीम येणार आहे म्हणतात. दोन वेळा तू आलास आणि दोन्ही वेळा हात हलवत गेलास. या खेपेला एक गोल मार. एकच. त्यांच्या उजव्या हाताला, खाली. तिथे आता त्यांचा हात पोचत नाही. त्यांच्या उजव्या म्हणजे तुझ्या डाव्या, लहानपणापासून तुझा यात घोळ आहे. नवऱ्याचं वर्म भावाला सांगणारी बायको कशी असते असं कोणी विचारलं, तर ती माझ्यासारखी असते. ते नेहमीसारखे जिनात गेले आहेत तोवर हे पत्र टाकते.

तुझ्या मीराबाईला आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझी बाई,
पंचफुला

~

हिंगणघाट,
ता. ३० डिसेंबर १९५७

ती. बाईस,
श्रावणचा स. ज. भी. वि. वि. (सप्रेम जय भीम. जुन्या लोकांची सा. न. वि. वि. असते, मग आपली का नसावी?)

पत्र पावलं. वाचून आधी हसलो, मग हसू येईना. बाई, गोल मारणं म्हणजे काय बोर पाडणं आहे? भाऊजी खांबात उभे राहिले की फाटकात म्हैस बसल्यासारखं वाटतं, कुठूनच वाट दिसत नाही. दोन वर्षं मी काय मुद्दाम चुकलो काय? आमच्या मिलच्या पोरांनी मला साळा-साळा करून भंडावलं होतं.

पण तू सांगितलंस तसं करतो. त्यांच्या उजव्या हाताला, खाली. माझ्या डावीकडे. पाठ करून ठेवलं आहे. तू जीवाला लावून घेऊ नको. मीराबाई पुसते की सिंदीच्या बाजारात हळद कशी आहे, ते कळव.

लोभ पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
श्रावण

~

सिंदी (रेल्वे),
ता. ५ जानेवारी १९५८

चि. श्रावण यास आशीर्वाद. वि. वि.

तुला शहाणं कोणी केलं रे? असं उत्तर कोणी कार्डावर लिहितं काय? पाकीट कशासाठी असतं? आमचा पोस्टमन डोमाजी कार्ड आधी स्वतः वाचतो आणि मग देतो, हे साऱ्या सिंदीला माहीत आहे. वर हळदीचा भाव!

कार्ड मला फळीवर तांब्याखाली सापडलं. यांनीच आणून ठेवलेलं. मी भीत भीत विचारलं, की श्रावणचं कार्ड पाहिलं काय. तर म्हणाले, साळेबुवांचं अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखंच आहे. एवढंच बोलले आणि हात शेकायला चुलीपाशी बसले. आता त्यांनी नुसतं अक्षर पाहिलं की मजकूरही, ते मला उमजत नाही. सात वर्षांत मी यांना इतकं ओळखते की कधी रागावले ते कळतं, कधी नाही रागावले ते कळत नाही.

खरं सांगू? कार्ड हातात आलं तेव्हा वाटलं, तुला लिहावं की राहू दे, मारू नको. ज्या माणसाला गावाने हिणवून उभं केलं आणि जो मानाने उभा राहिला, त्याला बायकोनेच पाडायचं? पण काल सदऱ्याची गुंडी त्यांना लावता येईना. तीन वेळा सुटली. मी लावून दिली तर मान फिरवून भिंतीकडे बघत राहिले. म्हणून लिहिते, मार.

हळद महाग आहे. येताना मीराबाईला घेऊन येजो.

तुझ्या मायेवर भिस्त ठेवणारी,
पंचफुला

~

सिंदी (रेल्वे),
ता. २७ जानेवारी १९५८

चि. श्रावण यास अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल सामना संपल्यावर तू घरी न येता तसाच गाडीने का गेलास? मी तुझ्यासाठी वडे करून ठेवले होते. शील्ड घेऊन पळालास की माझ्या डोळ्यांना भ्यालास?

मैदानातून आवाज आला तो नेहमीचा नव्हता. नेहमी सारं गाव ओरडतं. काल कोणीच ओरडलं नाही, फक्त तुमची पोरं. मी बोळे काढले आणि उंबऱ्यात येऊन बसले. हे आले, पायातले बूट काढून खुंटीला अडकवले, पाय धुतले आणि म्हणाले, तुझ्या भावाने मारला. मग म्हणाले, आता झालं. मी घाबरून विचारलं की कुठून मारला, तर म्हणाले, तूच सांगितलं असशील तिथून. पण ते रागात नव्हते रे. दोन वडे जास्त खाल्ले.

आज सकाळी मी त्यांचा हात कोमट तेलात धरून बसले, तर त्यांनी धरू दिला. श्रावण, तू माझं फार मोठं काम केलंस. भाऊ असावा तर असा. कधी उतराई व्हायची ते आता नाही सांगता येत.

अशीच ओढ असू दे.

तुझी बाई,
पंचफुला

~

हिंगणघाट,
ता. ३० जानेवारी १९५८

ती. भाऊजींस,
श्रावणचा जय भीम. वि. वि. हे पत्र तुमच्या जिनाच्या पत्त्यावर टाकतो, घरी नको म्हणून. या वेळी पाकिटात.

बाईचं पत्र आलं. ते वाचून मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. ती समजते मी गोल मारला. मिलमध्येही माझ्या गळ्यात हार घातले. तुम्हाला आणि मला ठाऊक आहे की मी मारला नाही.

पेनल्टी मिळाली तेव्हा तुमची उजवीकडची सारी बाजू मोकळी होती. डोळे मिटून मारला असता तरी गेला असता. पण तुम्ही त्या हाताला फडकं गुंडाळून समोर उभे होतात आणि माझ्या लक्षात आलं की मी तिथे मारला तर तुम्ही तो हात घालणारच. तुम्ही सोडणारे नाही. मग तो हात जन्माचा जाईल आणि घालवणारा मी. म्हणून मी हळू मारला, सरळ तुमच्या पोटावर. लेकरानेही झेलला असता. तुम्ही झेललाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरलात, माझ्याकडे पाहिलंत आणि चेंडूसकट गोलाच्या चुन्याच्या रेघेमागे एक पाऊल गेलात. लोक म्हणाले, काय जोराचा फटका होता, गोलकीला आत ढकललं. त्या फटक्यात जोर नव्हता, भाऊजी.

काऊन केलं तुम्ही असं? माझ्यावर राग असेल तर तोही लिहा. आणि बाईला खरं सांगू की नको, तेवढं कळवा.

तुमच्या पायाशी जागा असावी.

श्रावण

~

सिंदी (रेल्वे),
ता. ४ फेब्रुवारी १९५८

चि. श्रावण, साळेबुवा,
जय भीम. वि. वि. अक्षर डाव्या हाताचं आहे, म्हणजे आता तुझ्या-माझ्यात फरक राहिला नाही.

तुझं कार्ड मला डोमाजीने जिनाच्या दारातच दिलं होतं. देताना म्हणाला की वाईट बातमी नाही, हळदीचं पुसलं आहे. मी उभ्याउभ्या वाचलं. राग आला, खोटं सांगत नाही. मग दिवसभर मशीनपाशी तोच विचार, की पंचफुलाला माझी कोणती बाजू लंगडी ते माहीत आहे आणि मी मात्र तिच्यापासून हात लपवतो आहे.

तरी उभा राहिलो. तू उजवीकडे मारला असतास तर हात घातलाच असता, हे तू बरोबर ओळखलंस. पण तू पोटावर मारलास. चेंडू हातात आला आणि मला कळलं की आता माझ्यापुढे खेळणारेही मला सांभाळून घेऊन राह्यले. त्यापेक्षा मीच मागे गेलो. माझ्या पायाने गेलो, कोणी ढकललं नाही, हे तुला माहीत आहे तेवढं पुरे.

तू खाली मान घालून मैदानाच्या पार टोकाला गेला होतास, तुला दिसलं नसेल. मी चेंडू घेऊन वासुदेवरावांकडे गेलो आणि म्हणालो, आता तुमच्यातला कोणी. दहा मिनिटं उरली होती. कोणी पुढे येईना. मग ते स्वतः आले. मला वाटलं, चेंडू खाली टाक म्हणतील आणि मग उचलतील. तसं नाही झालं. माझ्या हातातून त्यांनी आपल्या हातात घेतला. बोटाला बोट लागलं. गोलात उभे राहिले आणि एक झेललाही, छातीशी धरून.

सात वर्षं मी त्या घटकेसाठी उभा होतो. मला वाटायचं, ती आली की मी मैदानात नाचेन. आली तेव्हा मला फक्त खाली बसावंसं वाटलं. बसलो आणि पाणी मागवून प्यालो. फार दमलो होतो, श्रावण. किती, ते बसेपर्यंत माहीत नव्हतं.

काल पाण्याचा पेला उजव्या हातात धरला. सांडला थोडा, पण धरला. हाडवैद्य म्हणतो, आता सांभाळला तर पान्हा धरता येईल.

पंचफुलाला काही सांगू नको. हार तुझ्या गळ्यात आहेत तसेच असू दे. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने माझ्याविरुद्ध एकच डाव टाकला आणि तोही माझ्यासाठी. तो ती जिंकलीच पाहिजे.

मीराबाईस आशीर्वाद. आता मैदान सुटलं, तेव्हा घरचा लोभ दुप्पट लागेल, तो तुम्ही द्यावा.

तुझा भाऊजी,
हरिदास

ता. क. या पत्राचं उत्तर कार्डावर लिहू नको.