पाटी दिसली होती

रविवार, ९ फेब्रुवारी २००३

प्रिय गफूर,

तुला सलाम, अम्मांना नमस्कार. ईद अगदी दारात आलीय. तिची मुबारकबाद आत्ताच घे, कारण हे पत्र मिरकरवाड्याला पोचेपर्यंत तुमच्याकडचं मटण संपून भांडीसुद्धा घासून झालेली असतील.

इकडे सगळं ठीक. थंडी फार. सकाळी जहाजाच्या पत्र्याला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. आपल्याकडे थंडी म्हणजे वायच गोधडी ओढून घ्यायची, एवढंच. इथली थंडी घरात येऊन आपल्या शेजारी जेवायला बसते.

तू मागे विचारलंस, "जपानी येते का रे आता?" काय सांगू? बाजारातून मासळी आणता येते. पोट दुखतंय हे डॉक्टरला सांगता येतं. फोरमन काय ओरडतो त्यातलं निम्मं कळतं, उरलेल्या निम्म्याचा त्याच्या तोंडाकडे बघून अंदाज करतो. यांच्याकडे लिपी एक नाही, तीन आहेत. दोन मी कशाबशा गिळल्या. तिसरी चित्रांसारख्या अक्षरांची, ती काही केल्या संपत नाही. काल पाठ केलेलं अक्षर आज दुसऱ्याच्या शेजारी बसलं की वेगळं बोलायला लागतं.

आणि यांचं 'हाय' म्हणजे 'हो'. निदान पहिलं वर्षभर मी तसं समजत होतो. मग कळलं की 'हाय' म्हणजे नुसतं 'ऐकतोय'. समोरचा दहा वेळा 'हाय' म्हणतो आणि शेवटी काम करत नाही. आपल्या बंदरावर असं कोणी केलं तर त्याला खाडीत ढकलतील.

रविवारी नगरपालिकेच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका आम्हा परदेशी लोकांना फुकट शिकवते. इनोउए-सान. 'सान' म्हणजे आपलं बाई, राव, जे समजशील ते. कोणी ब्राझीलचा, कोणी फिलिपिन्सची, आणि मागच्या बाकावर मी, रत्नागिरीचा. आठवडाभर कामाने दमायचं आणि सुट्टीच्या दिवशी भाषेने. चौतिसाव्या वर्षी पुन्हा पहिलीत बसल्यासारखं वाटतं. कधी कधी वर्गातच डोळा लागतो. बाई उठवत नाहीत, फळ्यावर हळू लिहितात.

तुझा भाऊ अद्नान वर्गाला येत नाही. "हरीभाय, तू हायस ना बोलायला," म्हणतो. दुकानात मी, बँकेत मी, केस कापायलाही मीच बरोबर. त्याचा तुला सलाम. आत्ता तो झोपलाय, म्हणून या पत्रात त्याच्या दोन ओळी नाहीत. राग मानू नकोस. ईदला आम्हीच फोन करू. तू यार्डात करू नकोस, तिथे हल्ली निरोप नीट मिळत नाहीत.

लाँचच्या इंजिनाचा धूर अजून काळाच येतो का? नोझल तपासून घे. सगुणा दिसली तर सांग, तिचंही पत्र टाकलंय.

तुझा
हरी


रविवार, २७ एप्रिल २००३

प्रिय गफूर,

तुझं पत्र मिळालं. त्यात सलाम नाही, खुशाली नाही, नुसती एवढीच ओळ: "माझा भाऊ स्वतःच्या हाताने चार अक्षरं का लिहीत नाही? अम्माला नको सांगू, मला सांग."

पत्र येऊन बरेच दिवस झाले. लिहायला बसतो आणि उठतो. फोनवर बोललो असतो, पण तुमचा फोन दुकानात. चार माणसं कान लावून उभी असतात. तिकडे आता आंब्याच्या पेट्या भरायला लागल्या असतील. बाजारपेठेत गवताचा वास सुटला असेल. यंदा मोहोर कसा…

बघ, पुन्हा आंब्यांवर गेलो. लिहितो.

अद्नानच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा आहे. जानेवारीच्या अखेरीस झालं. मी मागचं पत्र लिहिलं तेव्हा तो खरंच झोपला होता, पण इस्पितळात, औषधाच्या गुंगीत. ईदच्या दिवशी तो अम्मांशी हसत हसत बोलला ना, तेव्हा रिसीव्हर मी त्याच्या कानाशी धरला होता. त्यानेच मला शपथ घातली होती, घरी काही कळवायचं नाही म्हणून. मी ती पाळली. आता तूच विचारलंस, तेव्हा त्याला सांगितलं, "गफूरला लिहितोय." भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "लिही."

कसं झालं ते सांगतो. आमच्या यार्डात जाड पत्रा वाकवायचं मशीन आहे. मोठे लोखंडी रूळ, त्यांच्यामधून पत्रा ओढला जातो. ते तातडीने थांबवायचं बटण बिघडलं होतं. दुरुस्तीचा माणूस यायचा होता, तोवर फोरमनने मशीनवर पाटी लावून ठेवली: बटण नादुरुस्त, मशीन वापरू नये. सगळी त्या तिसऱ्या लिपीतली अक्षरं. त्या दिवशी मी गोदीत दुसऱ्या जहाजाच्या इंजिनात होतो. एका कामगाराने अद्नानला पत्रा दाखवला आणि हाताने खूण केली, वाकवून आण. त्याने मशीन चालू केलं. हातमोजा अडकला. त्याने बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं.

मला बोलवायला आले तेव्हा मी वर येईपर्यंत मेन स्विच कोणीतरी पाडला होता. तो ओरडत नव्हता रे. मला बघून म्हणाला, "हरीभाय, यांना सांग, मला दुखतंय." दुखण्याला जपानीत काय म्हणतात एवढंही त्याला येत नव्हतं. मी सांगितलं. गाडीत सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. रात्रभर मी एकच शब्द बोलत होतो, आणि दुखत होतं दुसऱ्याला.

डॉक्टर चांगले निघाले. बोटं जोडता येतील का बघितलं, नाही जमलं. तेही मीच अद्नानला सांगितलं. डॉक्टर मोठं वाक्य बोलले, सावकाश, मला समजेल असं. मी मराठीत एकच शब्द सांगितला: "नाय." तो "बरं" म्हणाला. मग म्हणाला, "नाखवाच्या घरात एका हाताचा माणूस काय करील?" याचं उत्तर तुला सुचत असेल तर तो आल्यावर तू दे.

पुढे कामगार खात्याचा अधिकारी चौकशीला इस्पितळात आला. दुभाषी म्हणून मीच. यार्डात अद्नानची आणि त्यांची, दोघांची भाषा येणारा दुसरा होता कोण? अधिकारी यायच्या आधी आमचा फोरमन, मोरिता-सान, मला जिन्याजवळ घेऊन गेला. माणूस वाईट नाही, गफूर. अद्नानसाठी संत्र्यांची पिशवी घेऊन आला होता, खाटेसमोर कमरेत वाकून उभा राहिला होता, डोळे लाल होते. मला म्हणाला, "पाटी लावलेली होती. त्याने पाटी पाहिली होती, एवढं खरं आहे ते सांगायचं. जास्त बोललं की सगळ्यांना त्रास."

मी म्हणालो, "हाय."

खोलीत खाटेवर अद्नान, मग मोरिता-सान, यार्डाचे एक मोठे साहेब, अधिकारी आणि मी. अधिकाऱ्याने विचारलं, "मशीनवरची पाटी त्याने पाहिली होती का?" मी अद्नानला विचारलं. तो दमला होता, हात ठणकत होता. म्हणाला, "पाटी व्हती. दिसली व्हती. हरीभाय, हो बोल नि सोडव मला."

दिसली होती. खोटं काहीच नव्हतं त्यात. मी तेवढंच सांगितलं असतं तर ते शब्दाला शब्द बरोबर झालं असतं, आणि सगळा दोष त्या पोराच्या माथी बसला असता. इलाज, भरपाई, सगळं त्या एका शब्दावर अडकलं असतं. मी अधिकाऱ्याकडे वळलो आणि म्हणालो, "मिमाशिता." पाहिली. मोरिता-सानने श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग म्हणालो, "देमो, योमेमासेन." पण वाचता येत नाही.

अधिकारी लिहायचा थांबला. "मग पाटीवर काय आहे ते त्याला तोंडी सांगितलं होतं का? कोणी?" मी मोरिता-सानकडे बघितलं. तो खाली बघत होता. मीच बोललो, "कोणी नाही. मला सांगितलं असतं तर मी त्याला सांगितलं असतं. मलाही सांगितलं नाही." इतकं लांब वाक्य मी याआधी कधी जपानीत बोललो नव्हतो. अद्नान मला मराठीत विचारत होता, "काय झाला? काय बोललास तू?"

नंतर इनोउए-सानना सगळं सांगितलं. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणून घेतलं आणि सवयीने सुधारलं, "'योमेमासेन देशिता' म्हणायला हवं होतं. वाचता आलं नाही. गोष्ट झालेली आहे, काळ भूतकाळ." मग त्यांनी विचारलं, "अजूनही त्याला वाचता येत नाही?"

"नाही."

"मग तुमचंच बरोबर," असं म्हणून त्या फळा पुसायला लागल्या. पुसून झालेला फळाच पुसत राहिल्या.

चौकशीचा निकाल अद्नानच्या बाजूने लागला. इलाजाचा खर्च त्यांचा, आणि भरपाई त्याला मिळायची आहे. दोष यार्डाचा ठरला. मशीनवर आता चार भाषांत पाटी आहे. आपली त्यात नाही, पण चित्र आहे, हातावर काट मारलेलं.

माझं म्हणशील तर त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर कोणी बसत नाही. भांडत नाहीत, टोमणे मारत नाहीत, सकाळी नमस्कारही करतात. मोरिता-सानची बढती होती, ती अडली म्हणे. गेल्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी ऑफिसात बोलावलं. चहा दिला. इतकी नम्र भाषा माझ्याशी इथं कोणी कधी बोललं नव्हतं. प्रत्येक क्रियापदाला शेपूट, प्रत्येक शेपटाला नमस्कार. मी मनातल्या मनात एकेक शब्द सोडवत बसलो. सगळे सोडवून झाले तेव्हा कळलं की माझं कंत्राट ते पुढे वाढवणार नाहीत.

मला वाईट वाटलं का? नीट सांगता येत नाही. आधी झोप आली. खोलीवर येऊन कपडे न बदलता झोपलो. वर्षभर अजून राहिलो असतो तर जपानीची वरची परीक्षा दिली असती, सगुणाला आणि पोरीला आणण्याची खटपट केली असती. ते सगळं मी तिला लिहून ठेवलं होतं. तिने शेजारणीला सांगितलंही असेल. तिला माझं मी सांगेन, तू काही बोलू नकोस. मिरकरवाड्याला पुन्हा इंजिन दुरुस्तीचं दुकान उघडीन. तिथली इंजिनं तरी कुठली अक्षरं वाचायला लावत नाहीत.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. इस्पितळात पडल्या पडल्या अद्नान जपानी शिकला. नर्सबायांशी बोलून बोलून. ऐकशील तर थक्क होशील. माझ्यासारखा अडखळत नाही, उच्चारही त्यांच्यासारखाच. परवा एका म्हाताऱ्या पेशंटला हसवत होता. मी दारात उभा राहून ऐकत होतो. मला त्यातलं सगळं कळलं नाही.

आम्ही दोघं बरोबर येतोय. मे महिन्याच्या मध्यावर मुंबईला उतरू, तारीख नक्की झाली की तार करीन. तू एकटाच विमानतळावर ये. अम्मांना रत्नागिरीला घरी बसवून सांगायचं आहे, स्टेशनात माणसांच्या गर्दीत नाही. ते काम तुझं. मला ते जमणार नाही. अम्मांनी त्याला माझ्या हवाली केलं होतं, तेव्हा तू तिथंच उभा होतास.

भेटशील तेव्हा एवढंच ध्यानात ठेव. कोणी भेटायला आलं की तो उजवा हात खिशात घालतो, आणि सलामाला डावा पुढे करायची त्याला लाज वाटते. मग दोन्ही हात कुठे ठेवावे ते न कळून नुसता उभा राहतो. तू त्याच्यापुढे हात करू नकोस, गफूर. जवळ जा आणि सरळ छातीशी धर.

मी सामान घेऊन मागे थांबेन.

तुझा, थकलेला,
हरिश्चंद्र