गॉगलाआडचा आठवडा

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काल सकाळी आंघोळ केली, आईच्या पाया पडलो आणि तिच्याशी खोटं बोललो. मोतीबिंदू काढायला चाललोय म्हणालो. काढून घेतल्या त्या डोळ्यांखालच्या पिशव्या!

कारण लिहून ठेवतो. आमच्या मुलीला, अनुजाला बघायला आले होते, तेव्हा मुलाच्या चुलत्यानं मला बाजूला घेतलं. "पावणं, रोज घेता का कधीतरी?" मी आयुष्यात थेंबाला शिवलेलो नाही. माझे डोळेच असे आहेत म्हणालो. तो हसला. पुढं निरोपच आला नाही.

हे आईला कसं सांगायचं? म्हणून मोतीबिंदू.

बुधवार

दर तासाला बर्फाची पिशवी. काळा गॉगल. ही म्हणते, "बसा आता नवरीगत तोंड झाकून."

गुरुवार

गावाकडनं भावकीतला केरबा केळी घेऊन आला. आईनंच कळवलेलं.

"कुठल्या डोळ्याचा?"

"दोन्ही."

"दोन्ही एकदम? कुठला डाक्टर रं त्यो? आमच्या म्हातारीचा एक केला आन् म्हैनाभर थांबवलं की!"

आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिचा चेहरा पडला — दुखणं मोठं असणार, असं तिच्या मनानं घेतलं.

खाली वाकायचं नाही, देवापुढंसुद्धा नाही. उभ्यानंच हात जोडले. गॉगल घालून!

शुक्रवार

टाके काढले. डावीकडं अजून वांग्यासारखं काळंनिळं आहे. डॉक्टर म्हणाले, "दहा वर्षांनी तरुण दिसाल." तरुण कुणाला दिसायचं होतं? लोकांनी दारुडा समजू नये, एवढंच होतं.

शनिवार

आईनं जोतिबाला नवस बोललाय! उद्याच्या रविवारी खेटा, म्हणजे घरापासून पायी वारी, तीही अनवाणी. इथनं डोंगर चढून देवळापर्यंत. शहात्तर वय, दोन्ही गुडघे गेलेले.

"आई, मला चांगलं दिसतंय."

"मला धीर द्यायला म्हनतोस. गॉगल न्हाय काढलास अजून."

"काढतो, पण तू जाऊ नकोस."

"बोललेलं चुकवू व्हय देवाचं?"

हिनं स्वयंपाकघरात ओढून नेलं. "सांगा आता तरी. वाटेत पडल्या म्हणजे?" गॉगल सारखा केला आणि बाहेर येऊन बसलो. घरातच आहे, आणि जायला जागा नाही. जोतिबा, तूच काय ते बघ — असं म्हणायचीसुद्धा लाज वाटली. त्याच्याच नावावर म्हातारी चालणार, आणि खोटं माझं.

रविवार, पहाट

आई पायरीवर बसून पदर खोचत होती. समोर बसलो, गॉगल काढला. सगळं सांगितलं — चुलता, दारूचा संशय, पिशव्या, सगळं.

रागावली नाही. अंगठ्यानं माझ्या डोळ्यांखाली हळू चाचपलं.

"तुझ्या बाचं डोळं हुतं ते," म्हणाली, आणि उठून आत गेली.