अंदाज, निरीक्षण, निष्कर्ष

सोमवार

पोचले एकदाची! खोली छान आहे, खिडकीतून शाळेचं फाटक दिसतं. नव्या विज्ञान शिक्षकांनी आधी आदर्श पाठ बघायचे, मग स्वतः एक घ्यायचा. लेक आईकडे आहे. शनिवारी तिच्याकडे परत. शिकाऊ आम्ही दोघंच. दुसरा एक हडकुळा मास्तर, मनातल्या मनात मी त्याचं नाव काडीपैलवान ठेवलंय. मोठ्या बाईंची शिकवण्याची पद्धत नामी आहे: आधी मुलांचा अंदाज, मग प्रयोग, मग निष्कर्ष. उत्तर आलं की ‘ते कसं?’ विचारायचंच. आम्ही मागच्या बाकावर गपगुमान बसलो.

मंगळवार

आज तरंगणं-बुडणं. बाईंनी मुठीएवढा दगड दाखवला. अख्खा वर्ग म्हणाला, तरंगेल. मला हसू आवरेना. बाईंनी दगड पाण्यात सोडला आणि तो तरंगला. त्यांनी शांतपणे फळ्यावर निष्कर्ष लिहिला. तासानंतर मी दगड उचलून बघितला, चांगला जड होता. काडीपैलवान म्हणाला, हातचलाखी असणार. मीही हो म्हणाले, पण जेवण काही गेलं नाही.

बुधवार

हातचलाखी नाही. मुलं म्हणाली, मेणबत्ती पाण्याखाली जळेल. जळली. मला भीती वाटतेय.

गुरुवार

काडीपैलवानाचा पाठ, श्वसनावर. श्वास रोखून दाखवत होता बिचारा. मोठ्या बाई उठल्या, मुलांना विचारलं, सर पुन्हा श्वास घेतील का? सगळे एका सुरात — नाही.

तो कोसळला. मी त्याची छाती दाबत राहिले, ओरडत राहिले. बाई मुलांना म्हणाल्या, निरीक्षण लिहा. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

बॅग घेऊन निघाले. फाटकापाशी पाय उचलेनात. बाई मागून आल्या, म्हणाल्या, तुम्ही पाठ घेतल्याशिवाय जाणार नाही, असा मुलांचा अंदाज आहे.

शुक्रवार, सकाळ

तोडगा सुचलाय. अंदाज मुलांचाच खरा होतो ना? मग प्रश्न मीच विचारते. बाईंच्या आधी.

शुक्रवार, वर्गात

विचारलं. मी उद्या घरी पोचेन का? सगळे हात वर — पोचाल! जिवात जीव आला. आणि — जळो ही सवय — तोंडातून गेलंच, ते कसं?

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठली. म्हणाली, चौघांच्या खांद्यावर.

बाई फळ्यावर लिहितायत. मुलं माझ्याकडे बघतायत — मी खुर्चीत — छातीत काहीतरी — नाही, अजून — लेकीला सांगा, मी